पावसाळा वगळून

खाणीला पर्यावरण परवानगी मागताना त्या जागेची आजची स्थिती काय आहे, याची एक मूळ नोंद करावी लागते. ती कधी आणि किती काळ करायची, हे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ठरवून दिलं आहे. खाणींसाठीच्या ठरावीक अटींमधली एक अट सांगते, की हवा, पाणी, आवाज, माती आणि वनस्पती-प्राणी यांची माहिती एका ऋतूत गोळा करावी आणि तो ऋतू पावसाळा वगळून असावा. पर्यायही तिथेच दिले आहेत: मार्च ते मे, ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर त्यात नाही.

हवेपुरती ही अट शहाणपणाची आहे. पावसात धूळ बसते, हवा धुतली जाते. जुलैत मोजमाप केलं तर कुठल्याही खाणीभोवतीची हवा महाबळेश्वरसारखी निघेल. म्हणून कोरडा ऋतू. पण हवेसाठी घातलेला निकष त्याच वाक्यात पुढे प्राण्यांनाही लागू झाला. ज्याने कोणी ते वाक्य लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर हरणं, कोल्हे, फार तर मोर असणार. बेडूक नक्कीच नव्हते.

आंबोलीचं उदाहरण घेऊ. तिथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. एप्रिलमध्ये तिथल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, उभं राहिलं तर पायाखाली भाजून काढणारा जांभा, वाळून कोळ झालेलं गवत आणि कुठेतरी ओरडणारी टिटवी, एवढंच. मग मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला दोन-चार सरी येतात, कातळातल्या खळग्यांत चार बोटं पाणी साठतं, आणि दगडांखालून, भेगांतून जेमतेम तीन सेंटिमीटरांचे टोड बाहेर पडतात. कुशीवर वाघासारखे पट्टे, म्हणून 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी या जातीला नाव दिलं झॅन्थोफ्राइन टायगरिना. आपण याला आंबोली टोड म्हणतो. हा टोड जगात आजवर फक्त आंबोलीच्या परिसरात सापडला आहे. त्याची वीण त्या उथळ खळग्यांत होते, थोड्या दिवसांत उरकते, आणि पिल्लं पाणी आटायच्या आत पाय फुटून बाहेर पडण्याच्या शर्यतीत असतात. पाऊस सरला की पुन्हा सगळं गडप.

मार्च ते मे हा ऋतू निवडून कोणी त्या कातळावर अगदी प्रामाणिकपणे, दुर्बीण-वही घेऊन महिनाभर फिरला, तरी त्याच्या तक्त्यात टोड येणार नाही. त्याने खोटं काही लिहिलेलं नसेल. अशा एका अहवालाच्या परिशिष्टात उभयचरांच्या रकान्यात मी चार नावं वाचली होती. चारही पुण्यातल्या कुठल्याही जुन्या विहिरीत भेटतील अशी. अहवाल कुणाचा होता हे सांगण्यात अर्थ नाही, कारण तो नियमाप्रमाणेच केलेला होता.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की सह्याद्रीत कुठला बेडूक कुठे राहील हे ठरवणाऱ्या गोष्टी दोन आहेत: पावसाचं वेळापत्रक आणि जमिनीचा अगदी बारीक आकार. आणि सह्याद्री वाचवण्यासाठी आपण जी कागदपत्रं तयार करतो, त्यांना नेमक्या याच दोन गोष्टी दिसत नाहीत.

थंड देशातल्या प्राण्यांपुढे मुख्य प्रश्न गारठ्याचा असतो. उष्ण कटिबंधात ऊब वर्षभर फुकट मिळते; प्रश्न ओलीचा असतो. बेडूक कातडीतून श्वास घेतो आणि कातडीतूनच पाणी पितो, त्याच्या अंड्याला कवच नसतं. त्यामुळे अंडं कुठे ठेवायचं आणि ते किती दिवस ओलं राहील, या एका प्रश्नाभोवती त्याचा सगळा संसार उभा असतो. सह्याद्रीतल्या बेडकांनी या प्रश्नाची इतकी वेगवेगळी उत्तरं काढली आहेत, की एका डोंगरावर जेवढे प्रकारचे पाणी, तेवढ्या प्रकारचे बेडूक, असं म्हणायला हरकत नाही.

कातळावरचं साचलेलं पाणी हे एक उत्तर झालं. दुसरं वाहत्या पाण्याचं. जंगलातल्या व्हाळांवर रातबेडूक, म्हणजे निक्टीबॅट्राकस, राहतात. यांची मादी पाण्यावर झुकलेल्या पानावर किंवा ओल्या दगडावर अंडी घालते आणि पिल्लं फुटली की ती खाली प्रवाहात टपकतात. पान पाण्याच्या बरोबर वर असलं पाहिजे, नाहीतर पिल्लू जमिनीवर पडून मरेल. म्हणजे या बेडकाला नुसता ओढा पुरत नाही, काठावरची झुडपंही लागतात. ओढ्याचं ‘खोलीकरण’ करताना जेसीबी पहिल्यांदा काय साफ करतो, ते आठवून पाहा. तिसरं उत्तर इंडिराना गटाचं: यांचे बेडूकमासे धड पाण्यात नसतातच, पाणी झिरपणाऱ्या ओल्या कातळावर उड्या मारत शेवाळ खात वाढतात. याच गटातली एक जात 2014 मध्ये आंबोलीहून नोंदवली गेली. दगडांच्या चिरांमध्ये राहते म्हणून तिचं नावच चिरवासी ठेवलं. शास्त्रीय नावात मराठी शब्द सापडला की मला उगाच आनंद होतो.

चौथं उत्तर सगळ्यात धीट आहे. झुडपी बेडकांनी, म्हणजे राओर्केस्टिस गटाने, बेडूकमासा ही पायरीच गाळून टाकली. अंडी ओल्या पालापाचोळ्यात, पानांवर किंवा बांबूच्या पोकळीत घालायची आणि आतून थेट नखाएवढा बेडूकच बाहेर यायचा. डबकं नको, ओढा नको. पण त्याची किंमत अशी, की अंडं फुटेपर्यंत हवेत सतत दमटपणा लागतो. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड असलेल्या उत्तर सह्याद्रीत हे जमवणं कठीण. केरळात, जिथे कोरडे महिने दोन-चारच असतात, तिथे सोपं. म्हणूनच झुडपी बेडकांच्या जाती दक्षिणेकडे जाऊ तशा वाढत जातात आणि महाराष्ट्रात त्या मोजक्याच उरतात.

पाचवं उत्तर बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं, कारण ते मातीत आहे. देवगांडूळ. दिसायला गांडूळ, पण पाठीचा कणा असलेला, बेडकाचा लांबचा भाऊबंद. दगडाखालच्या ओल्या मातीत राहतो. खंडाळ्याचा इंडोटिफ्लस बॅटर्सबी, आंबोलीचा गेगेनिओफिस डॅनिएली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ल्याहून नोंदवलेला शेषाचारी, चोर्ल्याकडचा म्हादेईएन्सिस अशी एकेका गावाशी बांधलेली त्यांची नावं आहेत. शेतात दिसला की साप समजून मारतात. नावात देव असूनही.

आता डोंगराच्या मोठ्या आकाराकडे येऊ. सह्याद्री तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे 1600 किलोमीटर लांब. नकाशावर एक सलग भिंत दिसते. बेडकांसाठी ती सलग नाही. केरळ-तामिळनाडूच्या सीमेवर पालघाटची खिंड आहे, तीस-चाळीस किलोमीटर रुंद आणि सखल. नकाशावर ती एवढीशी. पण हजार मीटरवरच्या गार धुक्यात राहणाऱ्या झुडपी बेडकाला ते सखल, उष्ण मैदान म्हणजे समुद्रच. त्यामुळे खिंडीच्या अलीकडे निलगिरीत एक जात आणि पलीकडे अनामलाईत तिची वेगळी बहीण, असे प्रकार वारंवार दिसतात. अमेरिकी परिस्थितिकीतज्ज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी 1967 मध्ये हेच मोठ्या पटावर मांडलं होतं: उष्ण कटिबंधातले घाट प्राण्यांच्या दृष्टीने जास्त उंच असतात. वर्षभर जवळपास एकाच तापमानात राहणाऱ्या प्राण्याला उंचीबरोबर बदलणारी हवा सोसत नाही. युरोपातला प्राणी उन्हाळा-हिवाळा दोन्ही भोगून तयार झालेला असतो, तो डोंगर ओलांडतो. इथला ओलांडत नाही. इरविकुलमच्या उंच गवताळ माथ्यावर राओर्केस्टिस रेस्प्लेन्डेन्स नावाचा केशरी बेडूक आहे. त्याला खाली उतरायचं नसतं आणि वर जायला आणखी डोंगर नसतो.

आपण संकुचित माणसाला कूपमंडूक म्हणतो. सह्याद्रीच्या संदर्भात ही शिवी चुकीच्या जागी पडली आहे. इथली सगळी श्रीमंती विहीर न सोडणाऱ्या मंडूकांनीच घडवली आहे. पश्चिम घाटात उभयचरांच्या अडीचशेच्या आसपास जाती आहेत आणि दहातल्या जवळजवळ नऊ जगात इतरत्र कुठेही नाहीत.

पूर्व-पश्चिम फरक तर आपण महाराष्ट्रात रोजच पाहतो. महाबळेश्वरहून घाट उतरून वाईला आलं, की तीसएक किलोमीटरांत पाऊस पाव हिश्श्याच्याही खाली येतो. याचं टोकाचं उदाहरण दक्षिणेत आहे. 2003 मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइट यांनी केरळातून एक जांभळा, डुकराच्या नाकासारखं तोंड असलेला बेडूक जगापुढे आणला: नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक हिंदी महासागरात सेशेल्स बेटांवर आहेत. भारत आणि सेशेल्स एकाच भूखंडाचा भाग होते त्या काळातलं हे नातं. एवढा ठसठशीत प्राणी 2003 पर्यंत विज्ञानाच्या नजरेतून कसा सुटला? तो वर्षभर जमिनीखाली असतो आणि पावसाच्या तोंडावर विणीपुरता थोडे दिवस वर येतो. स्थानिक लोकांना तो माहीत होता. वेळ चुकत होती ती अभ्यासकांची. पुढे 2017 मध्ये याच गटातली दुसरी जात, नासिकाबॅट्राकस भूपती, तामिळनाडूच्या बाजूच्या पूर्व उतारावर सापडली. तिकडे नैऋत्य मोसमी पावसाची सावली पडते, आणि तिच्या पिल्लांचं वेळापत्रक ईशान्य मोसमी पावसाला जुळलेलं आहे. डोंगर एकच, पण दोन उतार, दोन पावसाळे आणि दोन बेडूक. तिथे नुसता ‘पावसाळा’ म्हणूनही भागत नाही, कुठला पावसाळा ते विचारावं लागतं.

हे सगळं धोरणाच्या भाषेत आणायचं तर ॲमेझॉनशी तुलना उपयोगी पडते. इक्वाडोरमधल्या यासुनी राष्ट्रीय उद्यानात उभयचरांच्या दीडशेच्या आसपास जाती आहेत, एका उद्यानात. सपाट, वर्षभर ओलं जंगल. जाती एकमेकींच्या मांडीला मांडी लावून राहतात. तिथे एक मोठं उद्यान नीट राखलं तर फार मोठा हिस्सा राखला जातो. सह्याद्रीत एका ठिकाणी मोजल्या तर जाती त्या मानाने थोड्या, पण पुढच्या डोंगरावर गेलात की त्यातल्या काही बदललेल्या असतात, त्याच्या पुढच्यावर आणखी काही. आपली संपत्ती गंजीत नाही, फडताळातल्या बारक्या बारक्या डब्यांत आहे. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 स्थळांना जागतिक वारसा म्हटलं. त्यातली चार महाराष्ट्रातली: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. चारही मोलाची. पण आंबोली टोडच्या दृष्टीने चारही परदेश.

मग सरकारी चाळणी कशी आहे ते पाहू. पश्चिम घाटातला कुठला भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील धरायचा, हे सांगणारा माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल 2011 चा, त्यानंतर कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा. दुसऱ्या समितीने उपग्रहचित्रांवरून नैसर्गिक भूभाग कुठला आणि माणसाने घडवलेला कुठला हे वेगळं केलं आणि ज्या गावात नैसर्गिक भाग 20 टक्के किंवा जास्त, ते अख्खं गाव संवेदनशील धरलं. त्या चित्रांमधला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 24 मीटर बाय 24 मीटर. आंबोली टोडची पुढची पिढी ज्या खळग्यात वाढते त्यासारखे कित्येक खळगे अशा एका ठिपक्यात मावतील आणि चित्रात एकही दिसणार नाही. उलट अख्खं गाव हे एकक एवढं ढोबळ, की ज्याच्या परसात बेडकाचा संबंध नाही त्यालाही नोटीस आल्यासारखं वाटतं. हे संवेदनशील क्षेत्र जाहीर करण्यासाठी 2014 पासून 2024 पर्यंत मसुद्याच्या सहा अधिसूचना निघाल्या. शेवटच्या, जुलै 2024 च्या मसुद्यात सुमारे 56,800 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, त्यातलं 17,340 महाराष्ट्रातलं. अंतिम अधिसूचनेसाठी दहा वर्षांत सहा प्रयत्न. कोकणातला विरोध नुसता खाणवाल्यांचा आहे असं मी मानत नाही. आपल्या गावात नेमकं काय आणि कुठे वाचवायचं आहे, हे ज्याला कुणी सांगितलेलं नाही, तो सगळ्यालाच विरोध करणार.

वनक्षेत्राची मोजणी तर याहून मजेशीर. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा अधिक जमीन आणि त्यावर 10 टक्के किंवा अधिक झाडांची सावली असली की ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाड कुठलं, हे पाहायचं नाही. म्हणजे दोडामार्गातली रबराची बाग, वेंगुर्ल्यातली काजूची बाग कागदावर वन ठरू शकते. आणि सडा, जिथे झाड येतच नाही, जिथे पावसाळ्यात जमीन पाण्याने आणि आवाजाने भरून जाते, तो शून्य. सातबारावर तो पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी. पोटखराब जमीन ‘सुधारायची’ असते, म्हणून सुरुंग लावून खड्डे करायचे, ट्रकने माती आणून भरायची, हापूसची कलमं लावायची. किंवा कुणाच्या तरी वृक्षलागवडीच्या उद्दिष्टासाठी तिथे रोपं टोचायची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर गेल्या काही वर्षांत याचे अभ्यास झाले आहेत. मोकळा कातळ, भातखाचरं, पडीक खाचरं आणि बागा यांची तुलना केल्यावर बागांमध्ये उभयचर कमी भेटले, आणि खाचरांत सर्वत्र आढळणाऱ्या जाती वाढल्या तरी सड्याचे खास बेडूक मागे पडले. म्हणजे कुणी सहज पाहिलं तर ‘बेडूक आहेत की’ असंच म्हणेल. आहेत, पण दुसरे.

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती पाहायला आता गाड्या जातात, आणि 2022 पासून कोकणची कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्या रेषांना हात लावू नये हे आता राजापूरच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. रेषेशेजारच्या खळग्याबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. कोकणातल्या माणसाला शेतीसाठी जमीन किती असते? खाली भाताची चार खाचरं, वर सडा. मुंबईला गेलेला मुलगा परत यावा म्हणून बाप सड्यावर काजू लावतो. त्याला देवगांडुळाची गोष्ट सांगणं हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे, असं कुणी म्हटलं तर मला राग येत नाही. पण बेडकांच्या भूगोलाची एक सोयीची बाजू आहे, ती या भांडणात कुणी मांडत नाही. वाघाला शेकडो चौरस किलोमीटर लागतात. बेडूक फार जागा मागत नाही. तो नेमकी जागा मागतो. सड्यावरच्या दहा एकरांत जिथे पाणी साठतं तो पट्टा कदाचित एक-दीड एकराचा असेल. बाकी बाग होऊ द्या. ओढ्याच्या दोन्ही काठांची पाच-दहा मीटर झुडपं राहू द्या, बाकी बांधकाम करा. घाटरस्त्यावर पहिल्या पावसाच्या त्या दहा-पंधरा रात्री गाड्या हळू चालल्या, तरी चाकाखाली येणारे टोड कमी होतील; त्यासाठी रस्ता बंद करावा लागत नाही. वर्षासहलीला आलेल्या गाड्यांना रात्री नऊनंतर चाळीसच्या वेगाने चालवा म्हणणं म्हणजे काही विकास थांबवणं नव्हे.

आणि असं छोटं राखणं आपल्याला जमतं, जमलेलं आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यात ‘जैवविविधता वारसा स्थळ’ अशी तरतूद आहे. आंबोलीलाच हिरण्यकेशीच्या उगमापाशी एका छोट्या माशासाठी, शिस्टुरा हिरण्यकेशीसाठी, 2021 मध्ये असं स्थळ जाहीर झालं. क्षेत्र किती? 2.11 हेक्टर. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डेतली मायरिस्टिकाची दलदल, म्हणजे रानजायफळाच्या झाडांची पाणथळ राई, तीही अशीच वारसा स्थळ झाली. तीही तीन हेक्टरांपेक्षा लहान. गावकऱ्यांनी देवाची म्हणून ती आधीपासून सांभाळलेली होती, सरकारने नंतर शिक्का मारला. हा क्रम मला फार योग्य वाटतो. हजारो चौरस किलोमीटरांच्या अधिसूचनेवर दहा वर्षं भांडण्यापेक्षा असे दोन-दोन हेक्टरांचे दोनशे तुकडे मिळाले तर बेडकांचा जास्त फायदा होईल, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठी अधिसूचना नको असं नाही. खाणींना थोपवायला ती हवीच, कारण पाच मोठ्या खाणी दोनशे तुकडे सहज गिळतील. पण तिच्या नावाखाली लहान काम अडून राहू नये.

खाणीचा विषय निघालाच आहे तर परत त्या अटीकडे येतो. कोल्हापूरच्या पठारांवर बॉक्साइट, सिंधुदुर्गात लोहखनिज; दोन्ही जांभ्याशी निगडित, म्हणजे थेट सड्याच्या पोटातली. 2015 च्या दुरुस्तीनंतर प्रमुख खनिजांचा खाणपट्टा 50 वर्षांसाठी दिला जातो. पन्नास वर्षांचा करार करण्याआधी आणखी चार महिने थांबून पावसाळ्यातली नोंद घ्या, यात अवास्तव काय आहे? काही प्रकरणांत तज्ज्ञ समित्या जादा ऋतूंचा अभ्यास मागतात, हे खरं. पण तो त्यांच्या मर्जीचा भाग झाला. नियमातच असं हवं, की पश्चिम घाटात प्राण्यांची नोंद पावसाळ्यात, आणि रात्रीही, केल्याशिवाय अहवाल पुरा धरला जाणार नाही. पावसात रात्री डोंगरात जाणं धोक्याचं आहे, माणसं मिळत नाहीत, असं सांगितलं जातं. मग आवाज टिपणारी यंत्रं ठेवा. बेडकाचा नर आपलं नाव, गाव आणि इरादा रात्रभर ओरडून सांगत असतो. इतका सहकार्य करणारा प्राणी सर्वेक्षण करणाऱ्याला दुसरा मिळायचा नाही. देवगांडूळ मुका आहे, त्याच्यासाठी दगड उलटावेच लागतील आणि पुन्हा जागेवर ठेवावे लागतील. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

एवढं केल्यावर बेडूक वाचतील का? खात्री देणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून सावध राहावं. कोस्टा रिकातल्या माँटेवेर्देच्या धुक्याच्या जंगलात, राखीव क्षेत्रात, सोनेरी टोड होता. डोंगरमाथ्यावरच्या काही चौरस किलोमीटरांतच. 1987 मध्ये विणीच्या डबक्यांवर दीड हजारांहून जास्त दिसले, 1988 मध्ये दहा, 1989 मध्ये एक. नंतर कुणालाच नाही. बुरशीचा रोग की कोरडी गेलेली वर्षं, की दोन्ही, यावर अजून वाद आहे. जागा राखलेली होती यावर नाही. 2023 मध्ये जगभरातल्या आठ हजारांहून जास्त उभयचर जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 41 टक्के जाती धोक्यात निघाल्या, आणि गेल्या दोन दशकांत स्थिती खालावलेल्या जातींमागे हवामानबदल हे सगळ्यात वाढतं कारण.

आपल्याकडचा बदल बघायला आढावाही लागत नाही. 2023 मध्ये मुंबईत मोसमी पाऊस पोचला 25 जूनला. 2025 मध्ये 26 मेला. दोन वर्षांत एका महिन्याचा फरक. 2023 चा ऑगस्ट तर देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. माणसं पेरणी पुढे ढकलतात, धरणातून आवर्तन सोडतात. चार बोटं पाण्यातल्या बेडूकमाशाला दुबार पेरणी नसते. लवकर पडलेल्या पावसाला भुलून अंडी घातली आणि मग आठ दिवस ऊन पडलं, की त्या खळग्यातली त्या वर्षीची पिढी कातळाला चिकटलेली काळी खपली होऊन उरते. अशा वर्षी शेजारचा थोडा खोल खळगा शाबूत असेल तर काही पिल्लं वाचतात. सगळे खळगे बुजवून एक ‘नमुन्यादाखल’ राखला असेल तर नाही वाचत. म्हणून एकाच सड्यावर वेगवेगळ्या खोलीचे खळगे राहणं हाच तिथला विमा आहे, आणि हवामान जितकं लहरी होईल तितकी त्याची गरज वाढणार.

कुठला खळगा किती खोल, कुठलं पाणी दसऱ्यापर्यंत टिकतं आणि कुठलं दोन दिवस उघडीप मिळाली की जातं, हे उपग्रहाला कळत नाही. गुरं चारणाऱ्याला कळतं, कारण त्याची म्हैस तिथे पाणी पिते. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. झाडांच्या याद्या, औषधी वनस्पतींच्या याद्या त्यात असतात. त्यात सड्यावरच्या पाण्याचं एक पान वाढवायचं: खळग्याची जागा, पाणी कधी येतं, कधी जातं, रात्री कुणाचा आवाज येतो. त्यासाठी दिल्लीहून सातवा मसुदा यायची वाट पाहावी लागत नाही. जूनमध्ये, अंधार पडल्यावर, छत्री आणि बॅटरी घेऊन दोघांनी वर जावं लागतं.